दादाच्या हृदयाचा फोटो

हृदयाचा फोटो निघतो, ही बातमी आमच्या घरात बाबांनी आणली. कचेरीतून आले, टोपी खुंटीला अडकवली आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "राजपुऱ्याच्या धर्मशाळेत यंत्र आलंय. माणूस नुसता बसतो आणि त्याचं हृदय कागदावर उमटतं. उद्या आपण जाऊन राहिलो."

आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "कागदावर उमटून काय करायचं?"

"आतलं समजतं. भाऊंचं समजलं असतं तर?"

भाऊ म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आदल्या वर्षी केळीच्या बाजारात बोलता बोलता खाली बसले ते उठलेच नाहीत. तेव्हापासून बाबांच्या मनात एक भीती बसली होती. स्वतःबद्दल नव्हे, दादाबद्दल. दादा अगदी भाऊंच्या तोंडवळ्याचा. तसाच उंच, तशीच खळीची हनुवटी. बाबांना वाटायचं, चेहरा घेतला तसं हृदयही घेतलं असेल.

संस्थानं विलीन होत होती ती वर्षं. आमचं बऱ्हाणपूर आधीपासून इंग्रजी अमलातलं, आमच्याकडे राजा नव्हता. पण आजूबाजूला होते, आणि त्यांच्या वाड्यांतून एकेक गोष्ट बाहेर पडत होती. कधी बग्गी विकायला यायची, कधी झुंबर, कधी बेकार झालेला आचारी. ते यंत्रही असंच आलं होतं. एका राजेसाहेबांनी ते विलायतेहून आणवलं होतं. संस्थान गेलं, राजवैद्य दुसरीकडे नोकरीला लागले, आणि यंत्र चालवणारे गृहस्थ यंत्रासकट रस्त्यावर आले. सगळे त्यांना फोटोवाले साहेब म्हणत.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. मॅट्रिक होऊन मुलींच्या शाळेत तिसरीला गणित शिकवत होते. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, इच्छापूरच्या शाळेत मास्तर. रोज सकाळी सायकलवर टांग टाकायचा आणि संध्याकाळी परत यायचा. जाऊन-येऊन पंचवीसेक मैल. वाटेत चढ लागला तरी उतरायचा नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही तिघं गेलो. मला रात्रभर नीट झोप लागली नव्हती. विजेचा दिवा आमच्या घरात अजून आला नव्हता आणि मी विजेने हृदय लिहिणारं यंत्र बघायला निघाले होते.

धर्मशाळेच्या मागच्या खोलीत खिडक्यांना काळं कापड लावलं होतं. मधोमध लाकडी टेबल, त्यावर पितळी नळ्या, भिंगं, तारा आणि एक प्रखर दिवा. खुर्चीपुढे चिनी मातीची तीन भांडी मिठाच्या पाण्याने भरलेली. फोटोवाले साहेब किडकिडीत, चांगले साठीचे. अंगात जुना कोट, त्याच्या बटणांवर संस्थानाची मुद्रा अजून होती. बोलणं अदबीचं, अर्धं हिंदीत.

"दोन्ही हात पाण्यात. डावा पाय पाण्यात. हिलना नहीं. श्वास सावकाश."

बाबा बसले. दिवा लागला, काहीतरी गुणगुणल्यासारखा आवाज झाला. मी इतकी पुढे वाकले होते की साहेबांनी मला हाताने मागे सारलं. मग ते पडद्यामागे गेले, बऱ्याच वेळाने एक ओला कागद चिमटीत धरून आले. त्यावर एक रेघ होती. सरळ जात जात एकदम उंच उडी मारायची, पुन्हा खाली यायची, एक लहानसा उंचवटा करायची, आणि पुन्हा सरळ. माझ्या बाबांचं हृदय. माझ्या अंगावर काटा आला. आजही त्या रेघेची आठवण झाली की येतो. ती रेघ खरी होती, एवढं मला तेव्हाही कळलं होतं.

साहेबांनी भिंग लावून पाहिलं आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं : उत्तम. राजेशाही हृदय.

मग दादा बसला. त्याचाही कागद बाहेर आला. त्या कागदावर उड्या फार लांब लांब होत्या. दोन उड्यांच्या मध्ये नुसती सपाट रेघ. साहेबांनी दादाची नाडी धरली, घड्याळ पाहिलं, पुन्हा धरली.

"पंचेचाळीस," ते म्हणाले. "बहात्तर पाहिजेत. हे हृदय सुस्त आहे. झोपेला आलंय."

बाबांनी भिंतीला हात टेकला. "मग?"

"सायकल बंद. जिना बंद. वजन उचलणं बंद. सहा महिने पूर्ण आराम. मग पुन्हा फोटो काढू."

"पण मला काहीच होत नाही," दादा म्हणाला.

"हेच तर," साहेब दुःखी स्वरात म्हणाले. "यात काहीच होत नाही. एक दिवस एकदम होतं."

निघताना मी विचारलं, माझा फोटो काढता का. ते हसून म्हणाले, "बायकांना हा आजार होत नसतो, बेटी."

घरी आल्यापासून दादाचं आयुष्य माडीवरच्या एका खोलीत आलं. आम्ही बुधवाऱ्यात भाड्याने राहत होतो. खाली दुकानं, वर आमच्या दोन खोल्या आणि मध्ये सरळ उभा लाकडी जिना. आईचा खांदा आखडलेला, त्यामुळे खालून पाण्याचे हंडे वर आणायचं काम दादाचं होतं. आता ते बाबांनी स्वतःकडे घेतलं. मी म्हटलं, मी आणते. तर म्हणाले, "तू कळशी आण. हंडा मी आणतो. माझं हृदय राजाचं आहे, कागद आहे माझ्याकडे." तो कागद त्यांनी देवांच्या तसबिरींशेजारी चौकटीत लावला होता. आल्यागेल्याला दाखवायचे. दादाचा कागद मात्र ट्रंकेत तळाला.

तीन आठवडे गेले. दादा पडून पडून पुस्तकं वाचायचा, मग तेही सोडलं. दिवसातून दहा वेळा स्वतःचं मनगट धरायचा. अंगातलं बळ ओसरलं. जेवण कमी झालं. एकदा गच्चीवर जाऊन आला तर धापा टाकायला लागला आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "बघ, साहेब बरोबर बोलले होते."

मला ते पटत नव्हतं, पण काय पटत नाही तेही सांगता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात आमच्या शाळेत मुलींना देवी टोचायला दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या. नागपूरकडच्या, चाळिशीच्या, पांढरं लुगडं, पायात पुरुषी चपला. फार बोलत नसत. मुली रांगेत रडत होत्या, मी एकेकीचा दंड धरून उभी होते. शेवटची मुलगी गेल्यावर मी धीर करून सगळं सांगून टाकलं. यंत्र, मिठाचं पाणी, पंचेचाळीस, सुस्त हृदय.

त्यांनी सुया उकळत्या पाण्यात टाकल्या आणि विचारलं, "तुमचे दादा काय काम करतात?"

"मास्तर आहेत. रोज सायकलने इच्छापूरला जातात. जात होते."

"किती वर्षं?"

"चौथं वर्ष."

त्या हसल्या. पहिल्यांदाच. "उद्या घेऊन या त्यांना. चालत आणा."

दादा यायला तयार नव्हता. बाबा तर मुळीच नव्हते. शेवटी आई म्हणाली, "नुसतं दाखवायला काय जातंय?" आणि दादा माझ्या खांद्यावर हात ठेवून, म्हाताऱ्यासारखा एकेक पायरी उतरला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला निजवून छातीला नळी लावली, पाठीला लावली, दंडाला पट्टा बांधून दाब पाहिला. मग म्हणाल्या, "आता या जिन्यावर चार वेळा चढा-उतरा. पळत."

दादा पांढरा पडला. "मला मनाई आहे."

"मी इथे उभी आहे. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबा."

तो चढला, उतरला. पहिल्यांदा घाबरत, मग जरा जोरात. चौथ्यांदा खाली आला तेव्हा धापत होता, पण तोंडावर रंग आला होता. त्यांनी नाडी धरली आणि दुसऱ्या हाताने मला घड्याळ दाखवलं. "तुम्ही मोजा. त्या मनगटावर."

मी मोजली. माझ्या बोटांखाली ती धावत होती. पंचेचाळीसच्या दुपटीहून जास्त. दोन मिनिटांनी पुन्हा मोजली, ती खाली आली होती. आणखी थोड्या वेळाने आणखी खाली.

"झोपलेलं हृदय असं उठतं का, आणि काम झाल्यावर असं शहाण्यासारखं खाली बसतं का?" त्या म्हणाल्या. "चार वर्षं रोज सायकल मारून यांच्या हृदयाला सवय झालीये. एका ठोक्यात ते भरपूर रक्त ढकलतं, मग उगाच घाई काहून करेल?"

दादा म्हणाला, "पण साहेब म्हणतात, बहात्तर पाहिजेत."

"बहात्तर ही सरासरी. सरासरी म्हणजे काही हुकूम नव्हे." त्यांनी गळ्यातली नळी काढून ठेवली. "पण माझ्या शब्दावरही जाऊ नका. मी आणि ते साहेब, दोघंही आजारी माणसंच जास्त बघतो. तुमची बहीण गणित शिकवते ना? तिला मोजू दे. धडधाकट माणसं मोजून आणा."

आणि त्यांनी आपलं मनगटी घड्याळ सोडून माझ्या हातात दिलं.

सेकंदकाट्याचं घड्याळ माझ्या हातात पहिल्यांदाच आलं होतं. पुढचे बारा-तेरा दिवस मी जे केलं त्याची मजा मी कोणाला सांगू शकत नाही. शाळा सुटली की मी वही घेऊन निघायची. एकट्या मुलीने परक्या पुरुषांचे हात धरणं शक्यच नव्हतं, म्हणून सुरुवात बायकांपासून केली. डोक्यावर मोळ्या घेऊन तापीपलीकडच्या रानातून येणाऱ्या बायका, नदीवर धुणं बडवणाऱ्या, आमची कामवाली मावशी. मग टपालवाले काका, ते तर बाबांच्या ओळखीचे. स्टेशनावरच्या हमालांसाठी आईला बरोबर नेलं. ती बाकावर बसायची आणि हमालांना म्हणायची, "पोरीला हात द्या रे बाबा, तिला अभ्यास दिलाय." ते हसत हसत ओळीने बसायचे. एक म्हातारा हमाल म्हणाला, "बाई, जीव आहे ना आत? मग पक्कं लिहा."

आखाड्यात मला जाता येईना. तेव्हा दादा स्वतः उठला. महिन्याभराने पहिल्यांदा त्याने आपणहून सदरा घातला, घड्याळ घेतलं आणि पहिलवानांच्या नाड्या मोजून आला. परत आला तो जिना दोन दोन पायऱ्यांनी चढून. "एकाची तर बेचाळीस आहे," तो म्हणाला, "आणि तो रोज दोनशे जोर काढतो."

मी सगळं दोन रकान्यांत लिहिलं. पायांनी, हातांनी खपणारे एकीकडे; गादीवर, खुर्चीवर बसणारे दुसरीकडे. दुसऱ्या रकान्यातली पेढीवरची, कचेरीतली माणसं बहुतेक बहात्तरच्या आसपास किंवा वर. पहिल्या रकान्यात पन्नास, अठ्ठावन्न, सत्तेचाळीस. सगळे काही तसे नव्हते. मोळीवाल्या बायकांपैकी दोघींचे ठोके चांगले जलद होते, आणि एका जाड्या मिठाईवाल्याचे पंचावन्न. मी तेही लिहिलं. पण वही उघडली की दोन रकान्यांतला फरक डोळ्यांत भरायचा, आणि मला प्रत्येक वेळी धावत जाऊन कोणाला तरी दाखवावंसं वाटायचं.

बाबांची नाडी मात्र त्यांनी मोजू दिली नाही. "माझा फोटो निघालाय," एवढंच.

म्हणून मी त्यांना नुसतं पाहायला लागले. मोजायची सवय लागली की माणूस पाहायलाही शिकतो. सकाळी हंडा घेऊन ते जिना चढायचे. सातव्या-आठव्या पायरीवर थांबायचे, हंडा कठड्याला टेकवायचे, धोतर सारखं केल्यासारखं करायचे. क्षणभर डावा हात छातीवर, मग जबड्याखाली. मग पुन्हा चढायचे. पहिल्या दिवशी वाटलं, सहज. दुसऱ्या दिवशी तीच पायरी. तिसऱ्या दिवशी, जेवून लगेच पाणी आणायला गेले तर पाचव्याच पायरीवर.

"बाबा, काय होतंय?"

"वायू आहे. ओवा खाल्ला की जातो."

"ओवा खाता तेव्हा बसून असता ना?"

त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिलं आणि हंडा घेऊन वर गेले.

मी वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी एकेक आकडा पाहिला. पहिलवानाच्या बेचाळीसवर पेन्सिल ठेवून म्हणाल्या, "छान. यावरून या सगळ्यांची हृदयं चांगली आहेत, असं नाही सिद्ध होत बरं का. पण ठोके कमी म्हणून हृदय वाईट, हे तर तुम्ही खोटं ठरवलंत."

मला आनंदाने काही सुचेना. बोलायचं म्हणून मी बाबांचं सांगितलं. जिना, पायरी, जबडा, ओवा. सहज, गंमत सांगावी तसं.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"चढतानाच होतं?"

"हो."

"थांबलं की जातं? किती वेळात?"

"दोन मिनिटांत. मग परत चढतात."

"जेवणानंतर लवकर येतं? थंडीत जास्त?"

"जेवणानंतर येतं. थंडीचं ध्यानात नाही."

"बिडी?"

"दिवसाला बंडल."

"आणि फोटो काढला तेव्हा ते खुर्चीवर शांत बसलेले होते."

"हो. हात मिठाच्या पाण्यात."

"शांत बसल्यावर त्यांना दुखतच नाही. मग शांत बसून काढलेल्या फोटोत ते दिसेलच असं नाही." त्या उठल्या. "आज आणा त्यांना. हंडा उचलू देऊ नका."

मी बुधवाऱ्यापर्यंत पळत गेले. त्या धावण्यात भीती होती आणि, आता खरं सांगायला हरकत नाही, एक वेडा उत्साहही होता. जे यंत्राला दिसलं नव्हतं ते मला जिन्यावर दिसलं होतं.

बाबा ऐकेनात. चौकटीकडे बोट दाखवून म्हणाले, "विलायती यंत्राने लिहून दिलंय. तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे काय आहे? एक नळी."

मी वाद घालणार होते, पण दादाच पुढे झाला. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, एक सांगा. ते यंत्र खरं बोललं असेल, तर मी आजारी आहे. कायमचा. आणि मी बरा असेन, तर यंत्राचा तो माणूस चुकला. मग तो तुमच्या बाबतीतही चुकू शकतो. तुम्हाला काय पाहिजे?"

बाबा खाटेवर बसून राहिले. आई दारात उभी होती, हातात ओलं फडकं तसंच. बाबांनी दादाकडे पाहिलं, त्याच्या हनुवटीकडे पाहिलं. मग त्यांनी हात लांब करून भिंतीवरची चौकट उतरवली आणि उशाशी पालथी ठेवली.

"चपला कुठे आहेत माझ्या?" ते म्हणाले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांना मला विचारले होते तेच प्रश्न पुन्हा विचारले, पण इतक्या सावकाश की बाबा आपणहून बोलायला लागले. दोन वर्षांपासून होत होतं. भाऊ गेले त्याच्याही आधीपासून. कचेरीत उशीर झाला आणि भरभर चालले की यायचं. कोणी पोलादी हात छातीवर ठेवतंय असं वाटायचं. आई हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होती.

दंडाचा पट्टा फुगला, पारा वर गेला. दाबही बराच जास्त निघाला.

"म्हणजे माझं हृदय खराब आहे," बाबा म्हणाले.

"तुमच्या हृदयाला रक्त कमी पोचतंय. काम वाढलं की ते ओरडतं. ओरडतं हे बरं आहे, ऐकू तरी येतं." त्यांनी एक लहानशी बाटली पुढे केली. "कळ आली की बसायचं आणि ही गोळी जिभेखाली ठेवायची. गिळायची नाही. हंडे बंद. जेवल्यावर अर्धा तास बसायचं. मीठ, पापड, लोणचं कमी. सपाट रस्त्यावर रोज चालायचं, कळ येणार नाही इतक्या बेताने. आणि बिडी सोडायची."

"बाजारात मोत्याचं चाटण मिळतं. हृदयाला ताकद देतं म्हणतात."

"मी कोणाला त्याने बरं झालेलं पाहिलं नाही."

"बिडी सोडली तर बरा होईन?"

फोटोवाल्या साहेबांनी इथे पक्कं उत्तर दिलं असतं.

"पक्कं मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "अजून कोणालाच येत नाही. पण बिडी ओढून जिना चढलात तर कळ कितव्या पायरीला येते, आणि न ओढता कितव्या, हे तुम्हीच बघा. हंडा न घेता, सावकाश. तुमची मुलगी लिहून ठेवेल."

निघताना आईने दवाखान्याच्या पायरीवरच विचारून घेतलं की हे बायकांना होतं का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "होतं. त्या सांगत नाहीत, एवढंच." आई मान हलवून म्हणाली, "तेच म्हटलं मी."

त्या संध्याकाळी दादा सायकल पुसायला बसला. साखळीला तेल घातलं, चाकांत हवा भरली. डॉक्टरीणबाईंनी त्याला आठ दिवस थोडं थोडं वाढवत जायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी तो तापीच्या घाटापर्यंत जाऊन आला, दुसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट. नवव्या दिवशी इच्छापूर. मी गच्चीवरून पाहत होते. गल्लीच्या वळणावर त्याने एक हात सोडून मला दाखवला आणि उभा राहून पायडल मारत दिसेनासा झाला. मी तशीच खाली येऊन आईला मिठी मारली. ती म्हणाली, "अगं, हातांना पीठ आहे."

मला एक काम राहिल्यासारखं वाटत होतं. मी वही घेऊन, दादाला बरोबर घेऊन, धर्मशाळेत गेले. भांडण करायचं मनात होतं. वाक्यं पाठ केली होती. पण फोटोवाले साहेब वही वाचत गेले आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की माझी वाक्यं विरून गेली. ते हळूच म्हणाले, "राजवाड्यात या खुर्चीवर आजारीच माणूस बसायचा. राजेसाहेब, राणीसाहेब, कोणी पाहुणे. वैद्यराज फोटो बघून बोलायचे, मी ऐकायचो. हळू हृदयाची जी माणसं मी तिथे पाहिली, ती गेली. सगळी गेली." त्यांनी वही मिटली. "हमालाला तिथे कोण बसवतं?"

मग त्यांनीच दादाला अंगणात पळायला लावलं आणि धापत असतानाच खुर्चीत बसवलं. कागद बाहेर आला तर उड्या जवळजवळ, एकसारख्या, एखाद्या मुलीच्या वेणीच्या पेडांसारख्या. साहेबांनी कागद वाळायच्याही आधी भिंगाखाली धरला. "हे मी कधी काढलंच नव्हतं," ते म्हणाले. पुढचे चार दिवस त्यांनी माझ्या वहीतल्या हमालांना आणि पहिलवानांना बोलावून फोटो काढले आणि ते सगळे कागद डॉक्टरीणबाईंना नेऊन दिले. त्या दोघांना टेबलावर कागद पसरून, डोक्याला डोकं लावून बसलेलं मी पाहिलं आहे. दोघांना एकमेकांचं अर्धंच बोलणं समजत असावं, पण बोटं कागदावरून पळत होती.

तेवढ्याने साहेब बदलले, असं मात्र नाही झालं. महिन्याभराने ते यंत्र घेऊन जळगावकडे गेले. तिकडून आलेल्या एकाने सांगितलं, दारावर 'हृदयाचा फोटो' अशी पाटी होती आणि निकाल पूर्वीसारखेच लिहून देत होते. पोट होतं त्यांना. मला राग आला, आणि त्यांची कागदावरून पळणारी बोटं आठवून तो पुरा आलाही नाही.

बाबांच्या पायऱ्या मी लिहीत राहिले. बिडी ओढून सहावी, न ओढता दहावी. एकदा नववी, एकदा अकरावी. महिनाभर हे चाललं आणि एका सकाळी त्यांनी बंडल उचलून खालच्या दुकानदाराला देऊन टाकलं. पुन्हा दोनदा ओढायला लागले, पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा सुटली ती कायमची. संध्याकाळी आई आणि ते घाटापर्यंत चालत जायचे. ती दोघं अशी बरोबर चालताना मी प्रथमच पाहत होते. आई तीन पावलं मागे असायची, मग दोन, मग शेजारी.

पुढच्या चैत्रात आम्ही चौघं इच्छापूरला इच्छादेवीच्या दर्शनाला गेलो. दादा सायकलने आधीच पोचला होता. बाबांनी देवळाच्या पायऱ्या पाहिल्या आणि मी म्हटलं, "तुम्ही खाली बसा." ते म्हणाले, "चढतो. पण माझ्या पद्धतीने." दहा पायऱ्या झाल्या की बसायचे. शेजारी जो कोणी बसला असेल त्याला सांगायचे, "माझ्या हृदयाला रक्त कमी पोचतं. तुमच्या छातीत चढताना काही होतं का?" एक जण चिडला. दुसरा, रावेरकडचा एक शेतकरी, पागोटं काढून मांडीवर ठेवत म्हणाला, "होतं." बाबांनी त्याला तिथल्या तिथे डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याचा रस्ता सांगितला, दोनदा, खुणांसकट. वर पोचायला आम्हाला इतका वेळ लागला की दादा दोनदा खाली येऊन पाहून गेला. गोळीची बाटली बाबांच्या खिशात होती. ती उघडावी लागली नाही.

बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. गेले हृदयानेच, हे लपवण्यात अर्थ नाही. एका सकाळी दुखलं, गोळीने थांबलं नाही, दुपारपर्यंत सगळं आटोपलं. डॉक्टरीणबाई तोवर बदलून दूर गेल्या होत्या. मी त्यांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, त्यात सांत्वन होतं आणि मग लगेच पुढच्या ओळीत प्रश्न होते : शेवटच्या वर्षी किती चालत होते, दाब किती होता, कळ बसल्याजागीही यायला लागली होती का. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी बसून सविस्तर उत्तरं लिहिली, चार पानं भरली, आणि लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की त्या अकरा वर्षांतले बाबा मला त्याआधीच्या सगळ्या वर्षांपेक्षा जास्त माहीत होते.